दख्खनी बाणाची घडण आणि आजचा संमिश्र अग्निबाण

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानाकरिता परिचित आहे. त्याच तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन असून तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा मोड केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. तलवाड्याच्या नैऋत्येस, आज अहिल्यानगर जिल्ह्यात मोडणाऱ्या जामखेड तालुक्यात, खर्डा आहे. तेथील ११ मार्च १७९५ ची लढाई सर्वश्रुतच आहे. ह्या टापूतील लढायांची कारणे, तह आणि परिणाम ह्यांविषयी आपल्या इतिहासग्रंथांत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्या लढायांत जी आयुधे चालली ती घडविली कशी जात, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात अशा एकाच आयुधाचा विचार करावयाचा आहे. ते आयुध म्हणजे बाण; धनुष्यावर चढवावयाचा नव्हे, तर दारूच्या जोरावर जाणारा. मोल्सवर्थच्या कोशात ‘बाण’ शब्दाला हा दुसरा अर्थ दिलेला आहे आणि मराठी कागदपत्रांत तो अर्थ अगदी रुळलेला आहे.

हा प्रश्न आजच विचारण्यास एक निमित्त आहे. अलीकडे तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांतून विद्यार्थ्यांचे संघ स्वतः अग्निबाण बनवू लागले आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही असा संघ आहे. ह्या अग्निबाणांचे धड, अग्रटोप आणि पंख हे धातूचे नसून काचतंतू किंवा कार्बन तंतू राळेत बसवून केलेल्या संमिश्र द्रव्याचे असतात. ह्या कामात पडलेला तरुण साहजिकच विचारतो, की आपल्याकडे ह्या विद्येचा काही पूर्वेतिहास आहे काय? त्याला बहुधा दोनच उत्तरे ऐकावयास मिळतात. एक, सर्व काही आपल्याकडे होतेच; दुसरे, काहीही नव्हते. ही दोन्ही उत्तरे देणाऱ्याचे श्रम वाचवितात, ह्यापलीकडे त्यांत गुण नाही.

पहिल्या उत्तराचा निकाल आधी लावू. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात वारंवार सांगितली जाते. त्या उड्डाणाला समकालीन भक्कम पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार ह्या प्रकारच्या कथांना दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकात तोंडी सांगून लिहविलेला आहे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्यातील विमाने तपासून ती उडण्यास असमर्थ असल्याचे दाखवून दिले. तळपदे ह्यांच्या हौसेविषयी व धडपडीविषयी आदर बाळगूनही त्यांच्या नावावर जे नाही ते घालणे इतिहासकाराला शोभणारे नाही. शिवाय त्यामुळे एक हानी होते: खोट्या वारशाच्या गजरात खरा वारसा ऐकू येईनासा होतो.

खरा वारसा बाणाचा आहे आणि त्याचा पुरावा हातात धरून मोजता येतो. लंडनजवळच्या वुलिच येथील तोफखान्याच्या संग्रहातील म्हैसुरी बाणांच्या दोन नमुन्यांचे वर्णन प्राध्यापक रोद्दम नरसिंह ह्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले आहे. पहिल्याचा लोखंडी नळा बाहेरून ५८ मिलिमीटर व्यासाचा आणि २५४ मिलिमीटर लांबीचा असून तो सुमारे १ मीटर लांबीच्या सरळ तलवारीच्या पात्याला चामड्याच्या वाद्यांनी बांधलेला आहे. दुसऱ्याचा नळा ३७ मिलिमीटर व्यासाचा व १९८ मिलिमीटर लांबीचा असून तो १.९० मीटर लांबीच्या वेळूच्या काठीला तशाच वाद्यांनी बांधलेला आहे. मराठ्यांच्या सैन्यातील बाण घडणीने ह्याच कुळातले होत. खर्ड्याच्या रणात मोगली घोडदळ चालून आले तेव्हा एका बाजूने पेराँच्या तोफांचा मारा आणि त्याच वेळी नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बाणांचा वर्षाव झाला, असे ग्रँट डफने लिहिले आहे. त्याआधी पानिपतावर नजीबखानाचे रोहिले दोन-दोन हजार बाणांच्या फैरी झाडीत पुढे सरकल्याचे काशिराज पंडिताच्या बखरीवरून दिसते. म्हणजे बाण हे एखाद्या दरबाराचे नवल नव्हते. उत्तरेपासून कर्नाटकापर्यंत चालणारे नित्याचे आयुध होते.

ह्या आयुधाची जी ख्याती युरोपात झाली ती त्याच्या लोखंडामुळे. युरोपातील दारूकामाचे बाण कागदाच्या पुठ्ठ्याचे असत. पुठ्ठ्याच्या नळ्यात दारू दाबून भरण्यास आणि तिच्या जळण्याने उत्पन्न होणारा दाब सोसण्यास मर्यादा येते. ठोकून घडविलेल्या मऊ लोखंडाच्या नळ्यात ही मर्यादा बरीच वर सरकते, आणि म्हणून दख्खनी बाण सुमारे ९०० मीटर व कधीकधी त्याहूनही लांब जात असे. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे हैदर अलीच्या सैन्याने इंग्रजांचा जो पराभव केला त्यात बाणांनी दारूचे गाडे पेटविल्याचे सांगतात. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडल्यावर ह्यांतील काही बाण इंग्लंडात गेले, विल्यम काँग्रीव्हने १८०४–०५ च्या सुमारास त्यांवरून आपले प्रयोग सुरू केले, आणि १८०६ साली बुलोन्यवर व १८०७ साली कोपनहेगनवर काँग्रीव्हचे बाण पडले. हा वृत्तान्त पुष्कळ ठिकाणी आलेला असल्यामुळे येथे त्याचा विस्तार करीत नाही.

परंतु लोखंडाच्या ह्या कीर्तीत एक गोष्ट झाकली गेली आहे. २०१८ साली कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात नगर येथील एका पडक्या विहिरीतून एक हजाराहून अधिक बाण निघाले. त्यांची लांबी २३ ते २६ सेंटिमीटर आहे. म्हणजे निघाले ते केवळ नळे होत. वेळू आणि चामडे दोन शतकांच्या चिखलात राहात नाही. पुराव्यात लोखंड उरले, म्हणून इतिहासही लोखंडाचा लिहिला गेला. वस्तुतः नुसता नळा हा बाण नव्हे. तो पेटवून सोडला तर जागच्या जागी भिरभिरेल, किंवा सोडणाऱ्यावरच उलटेल. त्याला बाणपण आले ते काठीमुळे.

काठीचे कार्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थ्याच्या अग्निबाणातही नेमका हाच प्रश्न पहिल्याने सोडवावा लागतो. उडणाऱ्या लांबट वस्तूचे दोन मध्य असतात: एक तिचा गुरुत्वमध्य, आणि दुसरा वाऱ्याचा आडवा दाब जेथे एकवटतो तो दाबमध्य. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असला तर बाण किंचित वाकडा होताच वारा त्याला पुन्हा सरळ करतो. पुढे असला तर तोच वारा त्याला उलथून टाकतो. हे अंतर धडाच्या व्यासाइतके तरी असावे, शक्य तर दुप्पट असावे, असा आज संकेत आहे. आता दाबमध्य मागे न्यावयाचा तर मागे काहीतरी लांब-रुंद जोडावे लागते; पण जे जोडावे ते जड असेल तर गुरुत्वमध्यही त्याच्याबरोबर मागे येतो आणि केलेले व्यर्थ जाते. तेव्हा मागे जोडावयाची वस्तू लांब हवी, ताठ हवी आणि हलकी हवी. अठराव्या शतकात ह्या तिन्ही गुणांची वस्तू रानात उभी होती. पाण्याच्या तुलनेत लोखंडाची घनता ७.८ च्या आसपास, तर वेळूची ०.६ ते ०.८, आणि वजनाच्या मानाने त्याचा ताठपणा पोलादाच्या पंक्तीला बसणारा आहे.

वेळूत हा गुण येतो कोठून? वेळूची कांडी आडवी कापून भिंगाखाली पाहावी. मऊ पेशींच्या भरावात कठीण तंतूंचे पुंजके लांबीच्या दिशेने उभे असलेले दिसतात. बाहेरच्या सालीकडे ते दाट आणि आतल्या पोकळीकडे विरळ असतात. काठी वाकताना सर्वांत अधिक ताण बाहेरच्या भागावर येतो आणि तंतूंची दाटीही तेथेच असते. ताण सोसणारा तंतू आणि त्या तंतूंना धरून ठेवणारा, एकाचा भार दुसऱ्यावर पोचविणारा भराव, ह्या दोहोंच्या संयोगालाच आज संमिश्र द्रव्य म्हणतात. काचतंतू व राळ, कार्बन तंतू व राळ ह्या जोड्या त्याच तत्त्वावर आहेत. आपल्या मराठवाड्यातील कुडाची भिंत तरी वेगळे काय सांगते? पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड नुसता उभा केला तर वारा आरपार जातो. नुसत्या शेणमातीची तेवढी पातळ भिंत तडकून पडते. दोन्ही एकत्र आली म्हणजे घर उभे राहते. तलवाड्याच्या बाजूच्या शेतकऱ्याला हे तत्त्व शिकवावे लागत नाही. मात्र ह्यावरून त्याला पदार्थविज्ञान अवगत होते असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्या पहिल्या उत्तराकडे वळणे होय. अनुभवाने हाती आलेले कौशल्य आणि गणिताने बांधलेले शास्त्र ह्यांत अंतर आहे, आणि ते मान्य केल्याने कौशल्याला कमीपणा येत नाही.

काटेकोरपणे बोलावयाचे तर संपूर्ण बाणाला संमिश्र द्रव्याची वस्तू म्हणता येणार नाही. संमिश्र द्रव्य त्यातील वेळू. बाण ही तीन द्रव्यांची जोडणी. आगीशी व दाबाशी ज्याचा संबंध तेथे लोखंड, दिशा व समतोल ज्याने राखावयाचा तेथे वेळू, आणि ह्या दोन विजातीय वस्तू एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून चामडे. ह्यांतील तिसऱ्या द्रव्याकडे सहसा लक्ष जात नाही. गुळगुळीत गोल नळा आणि गुळगुळीत गोल काठी ह्यांची गाठ बसवून ती धक्क्याने, उष्णतेने वा उंटावरच्या प्रवासाने ढिली होऊ न देणे हे सोपे काम नव्हे. कच्च्या चामड्याची वादी ओली असताना ओढून बांधली तर वाळताना आकसते आणि गाठ आवळली जाते. बाण बांधताना हीच युक्ती योजली जात असावी, असा तर्क करावयास हरकत नाही. आजच्या कार्यशाळेत राळेने भिजविलेले कापड दांड्यावर गुंडाळल्यावर त्यावर एक फीत गुंडाळतात. उष्णता लागताच ती आकसते, आतील हवा व जादा राळ बाहेर ढकलते आणि थर घट्ट बसतात. दोन्ही ठिकाणी द्रव्याच्या आकसण्याला कामास लावले आहे.

काठीची पुढील कथा थोडक्यात अशी. काँग्रीव्हने प्रथम काठी नळ्याच्या बाजूस ठेवली, पण बाजूच्या काठीने बाण एका अंगाला ओढला जातो हे ध्यानी घेऊन १८१५ च्या सुमारास ती बुडाच्या मध्याशी आणली. १८४४ मध्ये विल्यम हेलने बाणाला स्वतःभोवती फिरण्यास लावून काठीच काढून टाकली. पुढे पंख आले. पण पंखांनाही वेळूचाच नियम लागू आहे: शेपटाशी असल्यामुळे ते हलके हवेत, आणि वेगाने जाताना थरथरून तुटू नयेत म्हणून ताठ हवेत. धातूने हे साधते, पण वजनाची किंमत मोजून. ॲल्युमिनियमची घनता २.७, कार्बन संमिश्राची सुमारे १.६. विद्यार्थी-संघ संमिश्र द्रव्याकडे का वळतात ह्याचे उत्तर ह्या दोन आकड्यांत आहे.

कार्बन तंतूच्या वंशावळीतही वेळू आढळतो, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. १८८० मध्ये व त्यानंतर एडिसनने विजेच्या दिव्याकरिता जे तंतू वापरले ते जपानी वेळूच्या चोया कोळशात परिवर्तित करून केलेले होते. अर्थात बळकटीकरिता वापरावयाचा कार्बन तंतू हा त्याचा थेट वंशज नव्हे. तो १९५८ नंतर अमेरिका, जपान व इंग्लंड ह्या देशांतील प्रयोगशाळांतून सिद्ध झाला. काचतंतू त्याच्या आधी, १९३० नंतरच्या दशकातला.

भारतात आधुनिक अग्निबाणाचा आरंभ २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथे झाला. राक्षसभुवनच्या लढाईनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. तो अग्निबाण अमेरिकन होता. स्वदेशी ‘रोहिणी–७५’ २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडाला. त्याच्या धडाचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर होता, म्हणजे वुलिचमधल्या मोठ्या बाणाहून फारसा अधिक नव्हे. त्याच वर्षी पुण्याचे वसंत गोवारीकर थुंब्यास रुजू झाले आणि घन इंधनाचे स्वदेशी शास्त्र त्यांनी उभे केले. संमिश्र द्रव्यांचे काम ए. पी. जे. अब्दुल कलाम ह्यांनी हाती घेतले. कलाम १९६३ मध्ये अमेरिकेतील वॉलोप्स येथे गेले असता तेथील भिंतीवर टिपूच्या सैन्याच्या बाणांचे चित्र त्यांनी पाहिले, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. १८ जुलै १९८० रोजी ज्या ‘एस.एल.व्ही.–३’ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला त्याच्या वरच्या टप्प्यांची कवचे तंतू गुंडाळून केलेली होती. ह्या कवचांचे गणित मोठे सुबक आहे. आतून दाब असलेल्या नळ्याच्या भिंतीत घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून तंतू आडवेही नकोत, उभेही नकोत, अक्षाशी सुमारे ५५ अंशांनी तिरपे गुंडाळावेत म्हणजे दोन्ही ताण योग्य प्रमाणात सोसले जातात. दिवाळीच्या सुतळी बाँबभोवती सुतळी गुंडाळणारा कारागीर कोन मोजत नाही, पण तंतूच्या आवेष्टनाने दाब कोंडावयाचा हे त्यालाही ठाऊक असते. अशा साध्या उदाहरणाने गंभीर विषयाचा उपमर्द होतो असे आम्हांस वाटत नाही.

आता विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेकडे वळू. तेथील कृती बाहेरून पाहणाऱ्याला स्वयंपाकासारखी वाटेल. साच्याच्या दांड्यावर मेण चोळतात, कापड ठरलेल्या दिशांत कापतात. काही थर सरळ, काही ४५ अंशांत तिरपे. इपॉक्सी राळ व तिचे दृढक तराजूवर तोलून मिसळतात. अंदाजाने ओतलेली राळ कित्येकदा कधीच नीट घट्ट होत नाही. मग थर भिजवून दांड्यावर चढवावयाचे, वर सोलून काढण्याचे कापड व शोषक कापड घालावयाचे, सर्व एका पिशवीत बंद करून पंपाने हवा काढावयाची. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलोग्रॅम. तोच थरांना दाबून धरतो. राळ कमी पडली तर तंतू कोरडे राहतात, अधिक झाली तर वजन वाढून बळ वाढत नाही, आणि हवेचा बुडबुडा राहिला तर तेथेच भेग सुरू होते. हे दोष वस्तू तयार झाल्यावर डोळ्यांना बहुधा दिसत नाहीत. लोहाराला आपली चूक ठोक्याच्या आवाजावरून कळे. येथे ती चाचणीत नळा चिरडून पाहिल्यावर कळते, किंवा आकाशात.

द्रव्याची निवडही गुणानुरूप करावी लागते. कार्बन तंतू ताठ खरा, पण तो विजेचा वाहक असल्यामुळे बिनतारी लहरी अडवितो. म्हणून ज्या भागात ठावठिकाणा कळविणारे यंत्र ठेवावयाचे तो भाग, बहुधा अग्रटोप, काचतंतूचा करतात. काळे कार्बनचे धड उन्हात अतिशय तापते. आणि साध्या हवेत घट्ट होणाऱ्या राळा ६०–७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात. म्हणून नळा आधीच मंद उष्णतेत शेकून राळेची सोसण्याची शक्ती वाढवावी लागते. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा अग्निबाण २१ एप्रिल २०१९ रोजी सुमारे १०३ किलोमीटर उंचीवर पोचून अवकाशाची मानलेली सीमा ओलांडणारा पहिला विद्यार्थी-अग्निबाण ठरला. त्याच्या इंधनाचे कवच कार्बन तंतूचे होते. २० ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांचा दुसरा अग्निबाण सुमारे १४३ किलोमीटरपर्यंत गेला, तेव्हा हवेच्या घर्षणाने जळू नयेत म्हणून पंखांच्या पुढच्या कडांना टायटॅनियम लावलेले होते. आगीपुढे धातू, समतोलाला तंतू: श्रमविभागणी पुन्हा तीच.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी अवकाशात पाठविलेल्या वस्तू आजवर उपग्रहांच्या रूपाने गेल्या आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबर २०१६ रोजी पी.एस.एल.व्ही. वरून गेला. ज्या वाहनाने ते नेले त्याच्या तिसऱ्या टप्प्याचे कवचही तंतू व राळेचेच आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडाच्या दारूखान्याविषयी जी ताकीद आहे तिच्याकडे शेवटी लक्ष वेधावयाचे आहे. दारू, बाण, हुक्के हे मधल्या घरी ठेवावे, त्यांस सर्दी लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ते बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे, असा तिचा आशय आहे. दारूस ओल बाधते हे उघडच आहे. पण बाण सर्वच्या सर्व उन्हात काढावयाचे, ह्यात वेळूस कीड लागू न देणे व वादी सैल होऊ न देणे हेही साधत असणार. आजच्या संघालाही राळेने आधी भिजवून ठेवलेले कापड शीतगृहात जपावे लागते आणि ते किती काळ बाहेर राहिले ह्याची नोंद ठेवावी लागते. कारण मुदत टळलेले कापड दिसावयास पूर्वीसारखेच असते.

नोंदीचा हा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. लोहार, चर्मकार, वेळू निवडणारा आणि दारूगर असे चार हात एका बाणाला लागले असतील. त्यांपैकी एकाचेही नाव वा त्यांच्या कृतीचे एकही पान वुलिचच्या नमुन्यांबरोबर आले नाही. काँग्रीव्हने आपले प्रयोग लिहून छापले, म्हणून बाण त्याच्या नावाचा झाला. विद्यार्थी-संघांची स्थिती ह्याबाबतीत विचित्र आहे: चार वर्षांत संपूर्ण संघ बदलतो. कोणत्या थराला किती राळ लागली, कोणता नळा किती भाराला चिरडला, कोणत्या दिवशी हवेत किती दमटपणा होता, हे वहीत उतरले नाही तर पुढची तुकडी त्याच चुका नव्याने करते.

जुन्या बाणाच्या बाबतीतही सर्व मार्ग बंद झालेले नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी हिशेबांचे वाचन बहुतांशी राजकारण व महसूल ह्यांच्या दृष्टीने झाले आहे. दारूखान्याकडील खर्चाचे कागद वेळू, वादी, लोखंड आणि कारागिरांचा रोज एवढ्याच शब्दांवर लक्ष ठेवून पुन्हा वाचण्याजोगे आहेत. वेळू कोणत्या प्रांतातून येई, तो किती हात लांब घेत, बाणामागे वादी किती लागे, हे आकडे मिळाले तर एखाद्या तंत्रशाळेत त्याच मापाचा बाण दारूवाचून बांधून, वायुबोगद्यात धरून, त्याचे दोन मध्य कोठे पडतात हे मोजता येईल. मोडी वाचणारा आणि वायुबोगदा चालविणारा अशा दोघांनी त्याकरिता एका मेजाशी बसावयास हवे.